खडूवरची ओली रेघ

असे अनुभव लिहून पाठवणाऱ्यांबद्दल मला नेहमी किंचित कीव वाटत आली आहे, हे आधीच कबूल करते. माणसे दुःखाने किंवा एकटेपणाने कावरीबावरी झाली की त्यांना खुणा दिसू लागतात, असे माझे मत होते. मी आठ वर्षे महाविद्यालयात कविता शिकवली. प्रतिमा आणि वस्तुस्थिती यांतला फरक विद्यार्थ्यांना समजावून देणे हेच माझे काम होते. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे ती प्रतिमा नव्हे, एवढे ध्यानात ठेवून वाचावे. सेंटिमीटरमध्ये मोजलेली गोष्ट आहे ही... आणि मोजणारी मी नव्हते.

नव्वदच्या दशकाच्या मध्याची हकिगत. आम्ही सिंगापुरात बेडोकला एचडीबीच्या, म्हणजे सरकारी घरांच्या, इमारतीत नवव्या मजल्यावर राहत होतो. माझे पती श्रीधर वीस वर्षे जहाजावर इंजिनियर होते. नंतर तांजोंग पगारच्या एका शिपिंग कचेरीत त्यांना किनाऱ्यावरची नोकरी मिळाली. मला वाटले, चला, आता समुद्र संपला. पण दोनच वर्षांत त्यांनी एक जुनी, बत्तीस फुटी शिडाची बोट घेतली आणि चांगीच्या किनाऱ्यासमोर नांगरून ठेवली. मग प्रत्येक रविवार तिच्या पोटात गेला. आयुष्यात चाळीसेक वेळा आपण विषुववृत्त ओलांडले, पण दर वेळी इंजिनरूममध्ये, एकदाही आकाश दिसले नाही, असे ते म्हणत. एकदा स्वतःच्या बोटीने, उघड्या डोळ्यांनी ते ओलांडायचे होते. सिंगापूरच्या दक्षिणेला रिआऊची बेटे ओलांडली की फार लांब नाही. जाऊन-येऊन आठ दिवस.

त्याच सुमारास माझी आई अंथरुणाला खिळली होती. देवरुखच्या अलीकडे, जांभ्या दगडाच्या आमच्या घरात, दादा आणि वहिनीकडे. दर रविवारी मी फोन करी. आवाज खोल गेला होता तिचा, पण जीभ शाबूत होती.

"नलू, वहिनी मला चमच्यानं पाणी पाजते. अर्धं तोंडात, अर्धं कानात. शेवटचं पाणी तरी मला तुझ्या हातचं हवं. येतेस ना?"

"येते गं. शेवटचं काय म्हणतेस?"

"मग काय पहिलं म्हणू?"

बोटीची सफर आटोपली की तिसऱ्या दिवशीचे माझे तिकीट काढलेले होते. मी श्रीधरना म्हटले होते, आधी मी आईकडे जाऊन येते, विषुववृत्त कुठे पळून जात नाही. ते म्हणाले, एप्रिल गेला की वारा बदलतो, मग वर्ष जाईल. आणि तुझा दादा दर दोन महिन्यांनी आईला मारतो, आई काही मरत नाही.

हे वाक्य मी विसरलेले नाही. सफरीसाठी बंदराचे कागद झाले, शनिवारी पहाटे आम्ही निघालो. आदल्या संध्याकाळी मी बाजारात होते. कांदे, लिंबे, पपया, न पिकलेली केळी... टिकेल ते सगळे.

पहिले दोन दिवस सुंदर होते, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. जहाजांची रांग मागे पडली, पाण्याचा रंग शिळ्या चहावरून काचेच्या बांगडीसारखा झाला. एका सकाळी डेकवर उडणारे मासे पडलेले सापडले. त्यांचे पंख कांद्याच्या पातळ पापुद्र्यासारखे होते. श्रीधर सुकाणूवर बसून बेसूर गात होते. गेल्या दहा वर्षांत मी त्यांना गाताना ऐकले नव्हते.

पण बोटीवरचे जगणे हे मुख्यतः ओलसर असते, हे कुणी सांगत नाही. टॉवेल मिठाने पापडासारखे ताठ होतात आणि तरी कधी वाळत नाहीत. अंथरुणाला डिझेलचा वास, पुस्तकांना बुरशी, काड्यापेटीला ओल. भात शिजवताना तीन वाट्या गोडे पाणी, एक वाटी समुद्राचे. भांडी समुद्राच्या पाण्यात, अंघोळ समुद्रात, आणि शेवटी अंगावर एक मग गोडे पाणी... एकच.

त्या गोड्या पाण्याचा हिशेब श्रीधर ठेवत. जहाजावरची सवय. सकाळी सहाला टाकीचे झाकण उघडायचे, पितळी रॉडला खडू फासून तो सरळ तळापर्यंत सोडायचा आणि वर काढायचा. जिथवर खडू ओला, तिथवर पाणी. याला ते 'साउंडिंग' म्हणत. खडू माझा होता. शिकवण्याच्या दिवसांतली उरलेली पेटी त्यांनी उचलली होती. टाकी भरलेली असली की रॉडवर तीस सेंटिमीटर. एक सेंटिमीटर म्हणजे पाच लिटर. ते आकडा सांगत आणि मी वहीत लिही. शनिवारी तीस, रविवारी सत्तावीस, सोमवारी चोवीस. मग चहा.

सोमवारी दुपारी इंजिन तापून बंद पडले.

समुद्राचे पाणी आत ओढून इंजिन थंड ठेवणारे एक रबरी चक्र असते, तळहाताएवढे. त्याच्या पाकळ्या झडल्या होत्या. जादा म्हणून आणलेले चक्र दुसऱ्याच मापाचे निघाले. तीन मजली उंच इंजिने चालवलेला हा माणूस त्या तळहाताएवढ्या रबरापुढे हात टेकून बसला. त्यांनी माझी स्लिपर कापून एक चक्र कोरले. ते दहा मिनिटे चालले. तेवढ्यात आम्ही एका लहानशा, निर्मनुष्य बेटाच्या आडोशाला नांगर टाकू शकलो. पुढे प्रवाळ, मागे प्रवाळ. इंजिनाशिवाय बाहेर पडायला भरवशाचा वारा हवा. आणि एप्रिलमध्ये तिथे वारा नसतोच. समुद्र तेल ओतल्यासारखा पडून होता. रेडिओवर कुणी उत्तर देत नव्हते. लांबून जाणाऱ्या दोन होड्यांना मी पिवळी साडी हलवून दाखवली, त्यांनीही हात हलवला आणि निघून गेल्या.

"किती दिवस?" मी विचारले.

"वारा येईल."

"आईकडे जायचं तिकीट पुढच्या मंगळवारचं आहे."

"मला माहीत आहे, नलिनी."

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नव्हते. पण त्या आठवड्यात आम्ही एकमेकांकडे तसे फारसे पाहतच नव्हतो.

अंघोळीचा मग बंद झाला. मग चहा एक वेळ. बुधवारी अठरा, शुक्रवारी चौदा, दुसऱ्या रविवारी दहा. पाऊस रोज दुपारी क्षितिजावर उभा राही, दुसऱ्या बेटावर कोसळे. ओठांना मिठाची कड आली होती. टाकीतले पाणी तळाशी गेले तसे त्याला प्लॅस्टिकचा आणि क्लोरीनचा उग्र वास येऊ लागला. घोट घेताना मी नाक धरी. नळाच्या आवाजासारखे आवाज मला दिवसाही ऐकू येत. हे मी मुद्दाम लिहिते आहे, म्हणजे मला भास होत नव्हते असा दावा कुणी माझ्या तोंडी घालू नये.

सोमवारी सकाळी सहाला रॉड वर आला. श्रीधरनी तो पुसला, पुन्हा खडू फासला, पुन्हा सोडला.

"बारा," ते म्हणाले.

"काल दहा होते."

"मला येतं वाचता."

आठ असायला हवे होते. चार सेंटिमीटर जास्त, वीस लिटर. बोट कलली असेल म्हणून त्यांनी कल दाखवणारी बुडबुड्याची नळी लावून पाहिली. समुद्राचे पाणी शिरत असेल म्हणून चाखून पाहिले. गोडे होते. मग डेकवरचे टाकी भरायचे झाकण त्यांनी चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद केले आणि पट्टीवर आडवी सही केली. जहाजावर सील करतात तशी.

मंगळवारी सकाळी सही जशीच्या तशी होती आणि खडू चौदावर ओला होता.

"तू काही ओतलंस का?" त्यांनी मला विचारले. अगदी शांतपणे, कनिष्ठ इंजिनियरला विचारावे तसे.

"कुठून आणून ओतू? रडून?"

त्या दिवशी ते दुपारभर टाकीच्या झाकणावर बसून होते, मांडीवर रॉड घेऊन. मी त्यांना हसले. दहा दिवसांत पहिल्यांदा. बुधवारी सोळा.

बुधवारी त्यांनी रॉड वर काढला आणि झाकण लावायच्या आधीच मला तो वास आला.

वाळ्याचा.

उन्हाळा लागला की आई पिण्याच्या तांब्याच्या हंड्यात वाळ्याची जुडी सोडी. आमच्या विहिरीचे पाणी जांभ्यातून झिरपलेले, त्याला गंजाची बारीक चव. त्यावर तांब्याची धार आणि वर वाळ्याचा गारवा. त्या तिन्ही चवींचा क्रम मला झोपेतही सांगता येईल. मी वाकून ओंजळभर पाणी काढले आणि प्यायले. आधी वाळा, मग तांबे, मग गंज. प्लॅस्टिकचा वास नव्हता, क्लोरीन नव्हते. पाणी गार होते. डेकवर पाय भाजत होते आणि टाकीतले पाणी माठातल्यासारखे गार होते.

"अहो, आईला काहीतरी झालंय," मी म्हटले. "मला घरी जायचंय. आत्ता."

त्यांचा हात रॉडवर थांबला. खडूची पांढरी भुकटी त्यांच्या बोटांना लागली होती. चेहरा तसाच पांढरा पडला. मला वाटले, माझी भीती त्यांनाही भिडली. कृतज्ञता वाटली मला... हे आठवले की आजही स्वतःची शरम वाटते.

"किनाऱ्याला लागलो की फोन कर," ते म्हणाले.

गुरुवारी चौदा. पाणी पुन्हा रोजच्यासारखे उतरू लागले होते. मात्र चव अजून तीच होती. दुपारी जी मच्छीमारांची होडी शेवटी आमच्याकडे वळली, तिच्यावरच्या म्हाताऱ्याला मी आधी ग्लासभर पाणी दिले. दारी आलेल्याला पाणी द्यावे, एवढीच त्यामागची बुद्धी. त्याने एक घोट घेतला, थांबला, उरलेले एका दमात प्यायला आणि ग्लास पुढे केला.

"आयर पेरिगी," तो हसून म्हणाला.

मला बाजारापुरते मलय येई. तरी मी श्रीधरकडे पाहिले. "काय म्हणतोय?"

"विहिरीचं पाणी म्हणतोय," ते म्हणाले. "काहीतरीच."

त्या होडीने आम्हाला ओढत रिआऊतल्या तांजुंग पिनांग बंदरात आणले. शुक्रवारी दुपारी पोचलो. धक्क्याजवळच फोनचे दुकान होते. काचेच्या चार खोल्या, आत लवंगी सिगारेटींचा गोडसर, शिळा धूर. मी तिसऱ्या खोलीत शिरले. श्रीधर बाहेर उभे राहिले.

फोन दादानेच उचलला. 

"आत्ता आठवण झाली होय तुला?"

"दादा, बोट बंद पडली होती. आई कशी आहे?"

"आई परवा सकाळी गेली, नलू. बुधवारी. तुझ्यासाठी बारा दिवस थांबली बिचारी. रोज विचारायची, विमान उतरलं का."

"बारा दिवस? दादा, मला कळवलं का नाहीस?"

"कळवलं नाही?" त्याचा आवाज चढला. "तुम्ही निघायच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतः श्रीधररावांशी बोललो. डॉक्टरांनी हात टेकलेत, नलूला पाठवा म्हटलं. म्हणाले, उद्याच्या विमानानं पाठवतो. मी दोन दिवस मुंबईच्या विमानतळावर माणूस उभा केला होता!"

काचेपलीकडे श्रीधर दोन्ही हातांत चहाचे ग्लास घेऊन उभे होते. एक माझ्यासाठी.

बाहेर येऊन मी एवढेच विचारले, "का?"

त्यांनी ग्लास खाली ठेवले. ते खोटे बोलले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. म्हणाले, "माझे वडील गेले तेव्हा मी पॅसिफिकमध्ये होतो. कॅप्टननं अकरा दिवस तार दाबून ठेवली. बंदर आलं तेव्हा हातात दिली. जहाजावर हीच रीत असते. समुद्रात माणूस काही करू शकत नाही, मग त्याला सांगून काय मिळतं? मला त्याचा कधी राग आला नाही. उलट त्याचे उपकारच वाटले."

"पण मी समुद्रात नव्हते," मी म्हटले. "मी बेडोकच्या बाजारात कांदे निवडत होते."

त्यांनी एक ग्लास पुन्हा उचलून माझ्यापुढे केला. म्हणाले, "आठच दिवसांचा प्रश्न होता. दादा नेहमीच असं सांगतात, म्हणून वाटलं..."

मी फेरीबोटीने सिंगापूरला आले आणि मिळेल त्या विमानाने एकटी निघाले. घरी पोचले तेव्हा पाचवा दिवस होता. आईची खोली सारवून रिकामी केली होती, कोपऱ्यात पणती. वहिनी माझ्या गळ्यात पडून रडली आणि मग, घरात माणसे असली की बायका बोलतात तशी, कामे करता करता बोलत राहिली. कोण आले, कोण आले नाही, कुणी काय म्हटले.

"आणि त्यात तो मेला हंडा," ती म्हणाली. "आईंच्या उशाशी ठेवायचे मी भरून. रविवारी रात्री तुडुंब भरला, सोमवारी सकाळी बघते तर कोरडा ठणठणीत. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. बरं, खाली जमिनीवर थेंबाची ओल नाही. गळतो म्हणावं तर कुठं? तांबटाकडे पाठवला, तो म्हणाला, वहिनी, याला टाचणीएवढंही छिद्र नाही, उगाच का पैसे घेऊ."

माझ्या हातातली परात मी हळूच खाली ठेवली.

"किती पाणी मावतं त्यात?"

"असेल की वीस लिटर. का गं?"

"सहज."

"आई मात्र सारख्या म्हणायच्या, भर गं हंडा, पुरायचं नाही. मी म्हणायचे, अहो आई, तुम्ही दोन चमचे पिता, पुरायचं नाही कुणाला? तर डोळे मिटून घ्यायच्या. शेवटी शेवटी तर तोंडात घातलेलं पाणीही गिळलं नाही त्यांनी."

मी वहिनीला काही सांगितले नाही. दादालाही नाही. काय सांगणार होते? जिच्या मुखात मी पाणी घालायचे, तिने मला पाजले, आणि मी ते प्यायले, मच्छीमाराला दिले, त्यात भात शिजवला? मंगळवारी तर त्याच पाण्यात मी केस धुतले होते. टाकीत आता पुष्कळ आहे, या आनंदात.

पंचवीसहून अधिक वर्षे झाली. लोकांना वाटते, अशा गोष्टीने माणसाला दिलासा मिळत असेल. मला मिळाला नाही. तहान लागलेल्या मुलीला आईने पाणी पाठवले, असे म्हणून डोळे पुसता येतील. पण ती मुलगी तहानलेली का होती आणि आई कोरडी का गेली, या प्रश्नाचे उत्तर माझ्या घरात, माझ्या समोरच्या खुर्चीवर बसून पेपर वाचत असते. आम्ही एकत्रच राहतो. बोट त्यांनी त्याच वर्षी विकली. विषुववृत्त त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले नाही ते नाहीच. वही मात्र त्यांनी जपून ठेवली आहे, आणि दहा, बारा, चौदा, सोळा, चौदा हे आकडे माझ्या अक्षरात तिच्यात आहेत. सील, झिरपणे, दव, मोजमापातली चूक, सगळ्या शक्यता त्यांनी तपासल्या. एकही बसत नाही. मी त्यांना हंड्याचे सांगितलेले नाही. जहाजावरची रीत मीही पाळते आहे, असे समजा.

वहिनीने तो हंडा मला दिला. बेडोकच्या स्वयंपाकघरात, फिल्टरच्या शेजारी तो असतो. रोज रात्री मी नळाच्या पाण्याने भरते. सकाळी तो भरलेलाच असतो. इतक्या वर्षांत आम्ही प्यायलो त्याखेरीज एक थेंब कमी झालेला नाही.

फक्त एक गोष्ट लिहायची राहिली. श्रीधर आता पंचाहत्तरीचे आहेत. दुपारी झोपून उठले की हंड्यातले पाणी मागतात, मी आणून देते. एप्रिल आला की पेला तोंडाशी नेताना ते थबकतात आणि दर वर्षी तेच विचारतात, "वाळा घातलायस का गं?"

मी वाळा कधीच घालत नाही. सिंगापुरात कुठे मिळतो तेही मला ठाऊक नाही. त्यांच्या हातून पेला घेऊन मी प्रत्येक वेळी वास घेऊन पाहते, घोट घेऊन पाहते. क्लोरीन, थोडे तांबे. बाकी काही नाही. तो वास मला त्या बुधवारनंतर पुन्हा कधी आला नाही. त्यांना येतो... आणि का येतो, हे मला आजतागायत कळलेले नाही.